एका सैनिकाचा जमाखर्च

थोर माणसांची चरित्रे लिहिण्याची आपल्याकडे एक ठरलेली रीत आहे. पहिल्या प्रकरणात नायक गरीब पण सुसंस्कृत घराण्यात जन्म घेतो, दुसऱ्यात म्युनिसिपालिटीच्या दिव्याखाली अभ्यास करतो आणि तिसऱ्यात त्याला कुणी तरी महापुरुष भेटतो. चौथ्या प्रकरणापर्यंत वाचक सहसा पोचतच नाही, त्यामुळे तिथे काहीही लिहिले तरी चालते.

मी बँकेत कारकून आहे. आमच्याकडे माणसाचे चरित्र तीन रकान्यांत मावते : जमा, नावे आणि शिल्लक. कॉमर्सची पदवी घेतल्यापासून मला शिकवण्यात आलेले आहे की दोन्ही बाजूंची बेरीज जुळलीच पाहिजे. ज्या एका गृहस्थांची बेरीज मला आजतागायत जुळवता आलेली नाही, त्यांची हकिगत सांगतो. त्यांना सगळे भाऊ म्हणत. भाऊ हे राष्ट्र सेवा दलाचे सैनिक.

एक खुलासा आधीच केलेला बरा. भाऊ हे खरे म्हणजे एक गृहस्थ नव्हेत. पुण्यात, कोकणात आणि खानदेशात मी पाहिलेल्या पाचसहा गृहस्थांचे ते विलीनीकरण आहे. सरकारने मध्यंतरी बँकांचे तसे केले, मी माणसांचे केले. विलीनीकरणात काही आकडे फुगतात, तसे इथेही फुगले आहेत. तारखा मात्र तपासून घेतल्या आहेत. ती आमची सवयच आहे.

भाऊंचा जन्म १९२८ चा. ४ जून १९४१ रोजी पुण्यात राष्ट्र सेवा दलाची स्थापना झाली आणि एस. एम. जोशी दलप्रमुख झाले, तेव्हा भाऊ तेरा वर्षांचे होते. "राष्ट्राच्या हाकेला आम्ही ओ दिली," असे भाऊ पुढे सांगत. त्यांचे बालमित्र सांगत, की राष्ट्राची हाक भाऊंना मुळीच ऐकू आली नव्हती. त्यांना ऐकू आली ती शिट्टी. शाखानायकाच्या गळ्यात दोरीला अडकवलेली चकचकीत शिट्टी असे, आणि ती एकदा तरी वाजवायला मिळावी म्हणून भाऊ आत शिरले. शिट्टी मिळायला चार वर्षे लागली. तोवर देशभक्तीची सवय लागून गेली होती.

शाखेत कवायत असे, खेळ असत, गाणी असत, शिवाय 'बौद्धिक' असे. बौद्धिकात रशियापासून चातुर्वर्ण्यापर्यंत काहीही निघे. पण भाऊंच्या घरी स्फोट झाला तो बौद्धिकामुळे नव्हे, लंगडीमुळे. लंगडीत शिवाशिवी करावी लागते, आणि शाखेत गावातल्या सगळ्या आळ्यांतली मुले येत. मुसलमानांची येत, वेशीबाहेरच्या वस्तीतली येत. भाऊंच्या आजीने पहिल्याच दिवशी विचारले,

"कुणाकुणाला शिवलास?"

"सगळ्यांना," भाऊ अभिमानाने म्हणाले. "नऊ गडी बाद केले!"

आजीने त्यांना परसात उभे करून डोक्यावर दोन घागरी ओतल्या. हा कार्यक्रम पुढे सहा वर्षे रोज संध्याकाळी चालला. आजीची समजूत अशी, की त्यामुळे घराण्याचा धर्म वाचला. भाऊंची समजूत अशी, की त्यामुळे त्यांना जन्मात पडसे झाले नाही. एकाच व्यवहाराची दोन खात्यांत नोंद कशी होते, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

मग १९४२ आले. ९ ऑगस्टला पहाटे सगळे मोठे पुढारी पकडले गेले आणि चळवळ अचानक लहानांच्या हातात आली. भाऊंचे वय चौदा. त्यांच्याकडे गुप्त पत्रके पोचवण्याचे काम होते. ती ते भूगोलाच्या वहीत ठेवत. भूगोलाच्या वहीची तपासणी कोणी करत नाही, असा त्यांचा अनुभव होता. पोलिसांनी केली. भाऊ आत गेले ते पाच महिने सत्तावीस दिवसांनी बाहेर आले. हा आकडा ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

सेवा दलात साने गुरुजी आले आणि मुले त्यांच्या मागे वेडी झाली. भाऊ तर इतके, की गुरुजींच्या डोळ्यांत पाणी आले की यांच्याही येई. फरक इतकाच, की गुरुजी कशामुळे रडत आहेत हे गुरुजींना माहीत असे. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून गुरुजींनी महिनोन् महिने महाराष्ट्रभर दौरा केला. बरोबर सेनापती बापट, आणि सेवा दलाची गाणारी पोरे. गावोगाव विहिरी आणि देवळे उघडण्याचे ठराव झाले. पण पंढरपूरचा दरवाजा काही केल्या हलेना. १ मे १९४७ ला गुरुजींनी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण सुरू केले. देश स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर आला होता, आणि हा माणूस दुसऱ्या एका उंबरठ्यासाठी प्राण पणाला लावून बसला होता.

भाऊंनीही त्या दिवशी उपोषण सुरू केले, असे भाऊ सांगत. चौथ्या दिवशी चंद्रभागेच्या वाळवंटात पाठमोरे बसून चुरमुरे खाताना त्यांना पाहणारे एक साक्षीदार मला भेटले आहेत. भाऊंचे म्हणणे असे, की ते चुरमुरे नव्हते, प्रसाद होता, आणि प्रसाद नाकारला असता तर वारकऱ्यांची मने दुखावली असती. असो. १० मे रोजी उपोषण सुटले, मंदिर खुले करण्याचे मान्य झाले आणि भाऊ घरी आले. आजी वारकरी होती. तिने सगळी हकिगत दोनदा सांगायला लावली.

"म्हणजे आता सगळे पांडुरंगाच्या पायाला शिवणार?"

"हो."

"आणि पांडुरंग बाटणार नाही?"

"तो कसा बाटेल, आजी?"

आजी बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मग सहा वर्षं एवढं आंघोळीचं पाणी फुकटच गेलं की रे!"

दुसऱ्या दिवसापासून घागरी बंद झाल्या. सेवा दलाच्या अधिकृत इतिहासात या विजयाची नोंद नाही. ती असायला हवी होती, असे माझे मत आहे.

स्वातंत्र्यानंतर दलाने कलापथकाचा मोठा फड उभा केला. वसंत बापट, लीलाधर हेगडे अशी माणसे त्यात होती. 'महाराष्ट्र दर्शन', 'भारत दर्शन' असे कार्यक्रम गावोगाव होत. पु. ल. देशपांड्यांनी 'पुढारी पाहिजे' हे लोकनाट्य लिहिले ते या कलापथकासाठीच. भाऊंना अभिनयाची हौस अपार आणि देणगी बेताची. म्हणून त्यांना 'भारत दर्शना'त हिमालय करण्यात आले. अंगावर पांढरी चादर घेऊन मागे उभे राहायचे. भाऊंनी सतरा गावांत हिमालय केला. अठराव्या गावी त्यांना शिंक आली आणि उत्तर सीमा कोसळली.

पण त्याच रांगेतून काय काय माणसे निघाली! निळू फुले तेव्हा पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करत. पगार ऐंशी रुपये, त्यातले दहा ते सेवा दलाला देत. मी कारकून असल्यामुळे लगेच हिशेब केला : साडेबारा टक्के. आज एवढे व्याज देणारी बँक दिसली तर आधी पोलिसांना कळवावे. राम नगरकर तिथलेच. दादा कोंडकेही दलाच्या बँडमधून आणि कलापथकातूनच पुढे आले. सहकार, समता आणि ग्रामराज्य यांचे धडे गिरवलेल्या निळूभाऊंनी पुढे गावाला लुबाडणारा पाटील पडद्यावर असा काही उभा केला, की खेड्यापाड्यांतल्या बायाबापड्या त्यांना प्रत्यक्षातही शिव्या देऊ लागल्या. १९७५ साली 'सामना' लागला तेव्हा भाऊ तीनदा गेले. साखरसम्राट हिंदुराव पडद्यावर आला की अंधारातून भाऊ "जिंदाबाद!" म्हणून ओरडत. दलात एकमेकांना भेटल्यावर तसे म्हणतात. थिएटरातल्या लोकांची मात्र अशी समजूत झाली, की हा कुणी तरी कारखान्याचा डायरेक्टर असावा.

आता लग्न. दलात मुलगे आणि मुली एकत्र काम करत, ही त्या काळी मोठी खळबळजनक गोष्ट होती. सगळे एकमेकांना भाऊ आणि ताई म्हणत, आणि त्यातल्या बऱ्याच भाऊ-तायांची पुढे एकमेकांशी लग्ने झाली. जातीबाहेर, नोंदणी पद्धतीने, हुंड्यावाचून. आमच्या भाऊंचेही असेच झाले. बायको मुलींच्या शाखेची नायिका. लग्नाला खर्च आला साडेअकरा रुपये. पाहुण्यांना चहा दिला आणि जाताना प्रत्येकाकडून 'साधना'ची वर्षाची वर्गणी घेतली. गुरुजींनी हे साप्ताहिक १५ ऑगस्ट १९४८ ला सुरू केले होते, आणि ते चालले पाहिजे याची जबाबदारी आपल्या एकट्याच्या शिरावर आहे असे भाऊ मानत. मधुचंद्र श्रमदानाच्या शिबिरात झाला. दोघांनी मिळून बारा दिवसांत साठ फूट बांध घातला. ताईंनी त्यातला चाळीस फूट घातला. उरलेला वेळ भाऊ बौद्धिक घेत होते.

लग्नानंतरही गावाने त्यांना भाऊ आणि ताई म्हणणे सोडले नाही. त्यांच्या मुलांनीसुद्धा तेच उचलले. त्यामुळे नव्या शेजाऱ्यांचा वर्षभर तरी फार घोटाळा होई.

ताई शाळेत शिक्षिका झाल्या. पहिल्या तारखेला पगार होई, दुसऱ्या तारखेला त्याचा दहावा भाग दलाला जाई आणि उरलेल्यात महिना, पाहुणे आणि भाऊ चालत. पाहुणे म्हणजे कोण, तर दौऱ्यावर निघालेला कुठलाही सैनिक. तो रात्री अकराला येऊन "जिंदाबाद" म्हणे आणि ताई पिठाचा डबा उघडत. भाऊंनी या काळात नऊ नोकऱ्या धरल्या व दहा सोडल्या. हा आकडा मीही दोनदा तपासला. एक नोकरी त्यांनी धरण्याआधीच सोडली होती.

१९५५ साली गोव्याचा सत्याग्रह झाला. मे महिन्यात नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट यांची तुकडी हद्द ओलांडून गेली. १५ ऑगस्टला हजारो नि:शस्त्र माणसे ठिकठिकाणांहून आत शिरली. भाऊ बांद्याहून पत्रादेवीच्या बाजूला निघाले. हातात झेंडा, खिशात ताईंनी बांधून दिलेल्या दोन दशम्या. पोर्तुगीज शिपायांनी गोळ्या झाडल्या. त्या दिवशी गोव्याच्या हद्दीवर वीसहून अधिक माणसे मेली.

भाऊ कुठलीही गोष्ट सांगताना एकाचे अकरा करत. बेचाळीसच्या चार पत्रकांची सांगता सांगता चारशे झाली होती. पण ही गोष्ट त्यांनी कधी वाढवली नाही. मी एकदा आग्रह केला तेव्हा एवढेच म्हणाले, "पुढं होता तो पडला. मी त्याच्या मागं होतो. परत आलो तेव्हा पायात एकच वहाण होती, हे बांद्याला आल्यावर कळलं." मग त्यांनी विषय बदलला आणि साखरेच्या भावावर बोलू लागले. पत्रादेवीला हुतात्म्यांचे स्मारक आहे. गोव्याला जाणाऱ्या गाड्या तिथून भरधाव जातात.

त्यानंतर संयुक्त महाराष्ट्राचा लढा झाला, त्यात भाऊ होतेच. एस. एम. त्या समितीचे सरचिटणीस होते. १ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झाले, आणि भाऊ दुसऱ्या दिवशी उशिरा उठले. आयुष्यात एकदाच.

आता येतो तो भाग, जो लिहिताना माझ्यातला कारकून हवालदिल होतो. भाऊ सेवा दलाचे. पण निवडणूक आली की समाजवादी पक्षाचे काम करत. आता हा पक्ष कोणता? १९४८ साली समाजवादी मंडळी नाशिकला काँग्रेसमधून बाहेर पडली. १९५२ ला त्यांचे किसान मजदूर प्रजा पक्षाशी विलीनीकरण होऊन प्रजासमाजवादी पक्ष झाला. १९५५ ला लोहिया वेगळे झाले. १९६४ ला पुन्हा एक होऊन संयुक्त समाजवादी पक्ष झाला. १९६५ ला 'प्रजा'वाले पुन्हा निघाले. १९७१ ला पुन्हा एक झाले. १९७७ ला जनता पक्षात बुडाले आणि १९७९ ला जनता पक्षच फुटला. भाऊंकडे एक पत्र्याचा डबा होता, त्यात या सर्व पक्षांचे रबरी शिक्के होते. वडाचे झाड या चिन्हाला मते द्या म्हणून त्यांनी भिंती रंगवल्या, मग त्याच भिंतींवर झोपडी काढली, मग झोपडी पुसून पुन्हा झाड. एका म्हातारीने त्यांना विचारलेही होते, "बाबा, वादळात झोपडी पडली का?"

"पण भाऊ, फुटायचं कशावरून?" मी विचारले.

"तत्त्वावरून."

"आणि एक व्हायचं?"

"तेही तत्त्वावरूनच."

पुढे काय बोलणार?

आणीबाणीत भाऊ येरवड्याला अठरा महिने होते. तिथे एक गंमत झाली. पुण्यात ज्यांच्या शाखेशेजारी शाखा लावून ज्यांच्याशी पस्तीस वर्षे भांडण केले, ते संघाचे लोकही त्याच तुरुंगात. सकाळी दोन बाजूंना दोन कवायती चालत. भाऊंच्या शेजारच्या खाटेवर एक स्वयंसेवक होते. पहिला महिना दोघे बोलले नाहीत. दुसऱ्या महिन्यात वाद घातला. तिसऱ्या महिन्यात त्यांना ताप आला तेव्हा भाऊंनी रात्रभर घड्या ठेवल्या, आणि उतार पडल्यावर वाद पुढे चालू केला. हा वाद पुढे टपालाने वीस वर्षे चालला. दोघांपैकी एकाचेही मत तसूभर बदलले नाही. पण दिवाळीचे फराळाचे डबे मात्र इकडून तिकडे जात आले.

बाहेर ताई. पगार एक, मुले दोन, आणि तुरुंगात गेलेल्या इतर सैनिकांची घरे सात. शिवाय इन्स्पेक्टर शाळेत येऊन विचारून जाई. त्या अठरा महिन्यांबद्दल मी ताईंना विचारले, तर म्हणाल्या, "तेवढे दिवस पाहुणे जरा कमी होते."

मग जनता राज्य आले. मधू दंडवते रेल्वेमंत्री झाले. भाऊंना वाटले, आता समाजवाद येणार. जनता राज्य गेले, पण दंडवत्यांनी दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर दोन इंच फोम घालण्याचे काम सुरू केले होते, ते राहिले. भाऊ जन्मभर लाकडावर झोपून हिंडलेले. पहिल्यांदा गादीवर झोपले त्या रात्री त्यांना झोपच लागली नाही. पहाटेपर्यंत हाताने दाबून बघत होते. "एवढी तरी झाली," असे म्हणत ते कल्याणला उतरले. या देशातल्या कोट्यवधी पाठींना समाजवादाचा प्रत्यक्ष स्पर्श झाला तो एवढाच, असे माझे मत आहे, आणि तो थोडा नव्हे. ज्यांना खोटे वाटेल त्यांनी एकदा लाकडी बाकावरून रात्रीचा प्रवास करून पाहावा.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. भाऊ पासष्ट वर्षांचे. ते तिसऱ्या दिवशी पोचले, भाषण करण्याइतकी शुद्ध तिथे कुणालाच नव्हती म्हणून पहिल्यांदाच गप्प बसून माती उपसली, आणि पाठ धरल्यामुळे दहा दिवसांनी परत आले. ताई नुकत्या निवृत्त झाल्या होत्या. सेवा दलाने नळदुर्गला अनाथ झालेल्या मुलांसाठी 'आपलं घर' उभे केले. ताई "आठ दिवस जाऊन येते" म्हणून गेल्या आणि वर्षाने आल्या. फंडाच्या पैशातली एक ठेव त्यांनी त्याआधीच मोडली होती. आमच्या शाखेच्या जुन्या वहीत ती नोंद आहे. कारण या रकान्यात फक्त 'घरखर्च' लिहिले आहे.

माझी त्यांची ओळख झाली ती पुढे, काउंटरवर. ताईंचे पेन्शन आमच्याकडे. दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला त्या येत, बरोबर भाऊ. भाऊंचे स्वतःचे पेन्शन नव्हते. ते बाकावर बसत आणि मला विचारत, "काय, शाखेची उपस्थिती कशी आहे?" मी म्हणे, "चार काउंटर, दोन माणसं." ते मान हलवून म्हणत, "संपर्क वाढवा."

एकदा मी त्यांना म्हटले, "भाऊ, १९७२ पासून केंद्र सरकार स्वातंत्र्यसैनिकांना पेन्शन देतं. तुम्ही अर्ज का नाही केला?"

"सहा महिने तुरुंगवास लागतो. माझे पाच महिने सत्तावीस दिवस."

रांगेत उभे असलेले एक जाणते गृहस्थ म्हणाले, "अहो, तीन दिवसांचं काय! दाखले मिळतात."

भाऊ त्यांच्याकडे बघून अगदी शांतपणे म्हणाले, "ते तीन दिवस मी घरी होतो. आईनं शिरा केला होता."

ज्या माणसाने चार पत्रकांची चारशे केली, हिमालयाच्या भूमिकेला सतरा गावांत 'वन्समोअर' मिळाल्याचे शपथेवर सांगितले, त्याला तीन दिवस वाढवता येईनात. बेरीज जुळत नाही म्हणतो ती इथे.

२०१८ साली, नव्वदी गाठून भाऊ गेले. महिन्याभराने ताई एकट्याच बँकेत आल्या. जोडखात्यातून नाव कमी करायचे होते. त्या दिवशी काउंटरवर नवा मुलगा होता, नुकताच बदलून आलेला. आजूबाजूचे सगळे "भाऊ गेले, ताई", "ताई, भाऊंचं कळलं" म्हणत होते. त्याने ते ऐकले, आणि अर्जावर 'मयताशी नाते' या रकान्यात सुबक अक्षरात लिहिले : बहीण.

ताईंनी चष्मा लावून अर्ज वाचला. मला वाटले, आता त्यांना भरून येणार. मी खुर्ची पुढे केली.

"हे खोडा आणि नीट लिहून द्या हो," ताई म्हणाल्या. "नाही तर पैसे अडकून पडतील. चोवीस तारखेपासून मुलांचं शिबिर आहे, पिठाचे आगाऊ द्यायचे आहेत."

मग पर्स उघडून त्यांनी एक पावतीपुस्तक काढले आणि त्या नव्या मुलाला विचारले, "'साधना' येते का तुमच्याकडे?"